मुरुडचे अण्णा

'गाव आणि घरची माणसं' या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा मला धोंडो केशव कर्वे आठवले. शाळेत आपली त्यांची ओळख अर्ध्या पानाच्या धड्यापुरती होती. स्त्रीशिक्षण, हिंगणे, भारतरत्न. गाळलेल्या जागा भरा आणि दोन गुण मिळवा. पुढे इंजिनिअरिंग करून मी पुण्यात नोकरीला लागले. रोज कर्वे रस्त्यावरून ऑफिसला जाताना वाटायचं, हे कर्वे आपल्याला नीट माहीतच नाहीत. मग त्यांचं 'आत्मवृत्त' मिळवून वाचलं. त्यात मला महर्षी कमी आणि आपल्यासारखाच लहान गावातून बाहेर पडलेला मुलगा जास्त भेटला.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवलीला झाला. बालपण गेलं दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या मुरुड गावात. घराण्याचे चांगले दिवस मागे पडले होते. वडील केशवपंत कोरेगावला कारभारी म्हणून नोकरी करत आणि आई लक्ष्मीबाई मुरुडात काटकसरीने घर चालवत. गावात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. सार्वजनिक कामाची गोडी त्यांनीच लहानग्या धोंडूला लावली. गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं कामही त्याच्याकडे असे.

सहावीच्या सरकारी परीक्षेची गोष्ट तर आपण साऱ्यांनी मुलांना सांगावी अशी आहे. परीक्षेसाठी मुरुडची मुलं शंभराहून अधिक मैल पायी चालत, कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला गेली. धोंडूचं वय सतराच्या पुढे होतं, पण चण लहान. साहेबांना त्याचं वय पटलं नाही आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तो आल्या पावली परतला आणि पुढच्या खेपेला कोल्हापूरहून पास झाला.

पुढे मुंबईत शिकवण्या करत ते शिकले आणि १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले. पत्नी राधाबाई आणि मुलगा रघुनाथ यांच्यासह मुंबईत बिऱ्हाड थाटलं, तरी मन मुरुडातच होतं. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला थोडा वाटा गावासाठी काढावा म्हणून त्यांनी 'मुरुड फंड' सुरू केला. गावात इंग्रजी शाळा निघावी, ही त्यामागची मोठी इच्छा.

१८९१ मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरूखच्या जोशी घराण्यातल्या बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला. याच पुढे बाया कर्वे.

नवं जोडपं मुरुडला गेलं, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी संबंध ठेवला तर त्यांनाही वाळीत टाकणार, असं ठरलं. ज्या गावासाठी पै-पै गोळा केली, त्याच गावात आईच्या आणि भावाच्या पंक्तीला बसायची सोय उरली नाही. इथे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आई-वडील थकले की आपण रात्रीची एसटी पकडतो आणि सकाळी दारात उभे राहतो. ते दारच बंद झालं तर? अण्णांनी आपला निर्णय बदलला नाही आणि गावाशी वैरही धरलं नाही. आईचा, भावाचा त्रास वाढू नये म्हणून स्वतः बाजूला राहिले, पण माया आटू दिली नाही.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला एका झोपडीत हलला. कॉलेज संपलं की सामानसुमान घेऊन, चिखल तुडवत ते हिंगण्याला चालत जायचे. साठवलेला पैसा आश्रमाला गेला. याची किंमत बायांनी आणि मुलांनी मोजली, हेही सांगायला हवं. घरात चणचण असे आणि बाया त्यांना स्पष्ट बोलून दाखवत. महर्षींचा संसार बायांच्या हिमतीवर उभा राहिला. पुढे मुलगा भास्कर आणि सून कावेरीबाई हिंगण्याच्याच कामात आले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी अण्णा गेले. ज्या मुरुडने दार लावलं होतं, ते गाव आज त्यांचं नाव अभिमानाने सांगतं.

मला या चरित्रातून उमगलं ते एवढंच, की घरच्यांच्या जवळ राहणं म्हणजे त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणं नव्हे आणि गाव सोडणं म्हणजे गावाला विसरणं नव्हे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचचे निम्म्याहून अधिक जण आज बाहेरगावी आहोत. स्नेहमेळाव्यात फोटो निघतील, गुरुजनांचा सत्कार होईल, जेवणं होतील. त्याच दिवशी मुरुड फंडासारखं काहीतरी आपणही सुरू करूया का? दरमहा जमेल तेवढी रक्कम, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणि फी अडलेल्या मुलांसाठी. हिशेबाची एक्सेल शीट मी सांभाळीन.