हाजी महंमद यांची ‘वीसमी सदी’

माझगावच्या हसनाबादचा घुमट ही मुंबईच्या खोजा समाजाची जुनी खूण. याच समाजातल्या एका सधन घरात १८७८ साली हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांचा जन्म झाला. ‘सलीम’ या टोपणनावाने ते लिहीत.

१९१६ साली त्यांनी मुंबईत ‘वीसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक सुरू केलं. सामान्य वाचकाच्या घरात उत्तम चित्रं पोहोचावीत, हा त्यांचा ध्यास. धुरंधर, रविशंकर रावळ यांच्यासारखे चित्रकार त्यांनी जोडले. राजा मुंजाची कथा सांगणारी कन्हैयालाल मुनशींची ‘पृथ्वीवल्लभ’ इथेच क्रमशः आली. चित्रांचा आणि छपाईचा खर्च वर्गणीतून भागेना, तरी दर्जा उतरवला नाही. घरचा पैसा ओतत राहिले. जानेवारी १९२१ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे मासिक चाललं नाही.

रावळांनी १९२२ साली त्यांचा स्मारकग्रंथ काढला आणि १९२४ साली अहमदाबादेत ‘कुमार’ सुरू करून तीच वाट पुढे नेली.

जुनी मासिकं जमवणारे ‘वीसमी सदी’चे अंक आजही जिवापाड जपतात, संगणकावर ते कुणालाही मोफत पाहता येतात. माणूस गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना मिळत राहतो, तो सदका-ए-जारिया. मरहूम हाजींचा तो अजून सुरू आहे.