जंगलातल्या ट्रकवरचे रेडिओ केंद्र

गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक वामन सरदेसाई हे सालाझारच्या हुकूमशाहीत वाढलेल्या पिढीतले. त्या गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि गोवेकरांपर्यंत खरी बातमी पोहोचणे आणखी अवघड झाले. सीमेवरचे पहारे ओलांडू शकत होता तो फक्त रेडिओ.

दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले होते. त्यांतून प्रक्षेपक तयार झाला. तो ट्रकवर चढवून आंबोलीच्या जंगलात नेला गेला आणि २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीचा आवाज घुमू लागला. सरदेसाई आणि लिबिया लोबो पोर्तुगीज व कोकणीतून बातम्या देत. पुढे हे केंद्र कर्नाटकातील कॅसलरॉकला हलले.

त्या काळी वाहनावर रेडिओ चालवायचा तर मोठा प्रश्न विजेचा असे. वाहनाची बॅटरी देते ६ किंवा १२ व्होल्ट. तेवढ्यावर व्हॉल्व्हची तार तापते. पण संदेश पाठवण्याइतकी शक्ती मिळवायची तर व्हॉल्व्हला काहीशे व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो खरा, मात्र तो सतत बदलणाऱ्या प्रवाहावरच चालतो. बॅटरीचा प्रवाह तर एकाच दिशेने वाहणारा.

यावर दोन उपाय होते. एक, व्हायब्रेटर. त्यातील लवचिक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि प्रवाह उलटसुलट करते. मग ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि रेक्टिफायर तो पुन्हा एकदिश करतो. दुसरा, डायनामोटर. यात एकाच फिरत्या गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक मोटरचे काम करते, दुसरी जास्त व्होल्टची वीज देते.

दाब वाढला म्हणून शक्ती वाढत नाही. ३०० व्होल्टवर १०० मिलिअँपिअर म्हणजे ३० वॅट. तेवढ्यासाठी ६ व्होल्टच्या बॅटरीतून, मधली गळती धरता, आठेक अँपिअर ओढावे लागतात. बॅटरी टिकवण्यासाठी इंजिन चालू ठेवावे, तर त्याच्या ठिणग्यांची खरखर प्रक्षेपणात उतरू शकते. शिवाय दमट हवेत वीज झिरपते, आणि संच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा धक्का साठून राहू शकतो.

या केंद्राचा आवाज सुमारे सहा वर्षे गोव्यात पोहोचत राहिला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा सरदेसाई आणि लिबिया यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी दिली. ट्रकवर सुरू झालेले काम आकाशात पूर्ण झाले. पुढे दोघांचा विवाह झाला. सरदेसाई यांनी अंगोलात भारताचे राजदूत म्हणूनही काम केले. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

आज विठ्ठलवाडीत वीज गेली की घरातला इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट देतो. थरथरत्या पट्टीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. प्रवाह उलटसुलट करून दाब वाढवण्याचे तत्त्व मात्र तेच आहे. अशा सोयी नसलेल्या काळात सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याचा आवाज बंद पडू दिला नाही.