विश्लेषण : डॉक्टर असूनही चेखव यांनी स्वतःचा खोकला १२ वर्षे का टाळला?

रशियन कथाकार आणि नाटककार अंतोन चेखव हे पेशाने डॉक्टर होते. गावोगावच्या गरिबांवर त्यांनी फुकट उपचार केले. स्वतःची छाती मात्र खोकल्यातून रक्त पडू लागल्यावरही १२ वर्षे नीट तपासून घेतली नाही. १९०४ मध्ये, अवघ्या ४४व्या वर्षी, ते क्षयाने गेले. लांबलेल्या खोकल्याबाबत त्यांचे आयुष्य काय सांगते?

पहिले लक्षण कधी दिसले?

चेखव यांचा जन्म १८६० मध्ये दक्षिण रशियातील तागानरोग या बंदराच्या गावी झाला. वडिलांचे किराणा दुकान बुडाले आणि कुटुंब मॉस्कोला आले. तिथे वैद्यकीचे शिक्षण घेता घेता अंतोन विनोदी मासिकांत लिहून घर चालवू लागले. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या थुंकीतून रक्त पडले. काही दिवसांनी ते थांबले. घशातील एखादी रक्तवाहिनी फुटली असावी, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

धोका त्यांना कळत नव्हता का?

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधल्याचे १८८२ मध्ये जाहीर केले, तेव्हा चेखव वैद्यकीचे विद्यार्थी होते. त्यानंतरही खोकला आणि रक्त अधूनमधून येतच राहिले. १८८८ मध्ये प्रकाशक मित्र सुवोरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अजब युक्तिवाद केला. एकट्या लक्षणावरून क्षय ठरत नाही, आणि खरोखरच क्षय असता तर आपण एव्हाना जिवंत नसतो, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी थोरले भाऊ निकोलाय क्षयाने गेले. तरीही १८९० मध्ये चेखव सैबेरिया ओलांडून साखालिन बेटावरील कैद्यांची पाहणी करायला निघाले. १८९२ मध्ये मेलिखोवो गावी राहायला गेल्यावर त्यांनी कॉलऱ्याच्या साथीत आसपासची गावे सांभाळली.

मग तपासणी का टाळली?

घर त्यांच्या कमाईवर चालत होते. शिवाय तेव्हा क्षयावर औषधच नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि हवापालट एवढेच उपचार होते. रोगाचे नाव कळले तरी हाती फारसे काही लागणार नव्हते.

निदान कसे झाले?

मार्च १८९७ मध्ये मॉस्कोतील एका हॉटेलात सुवोरिन यांच्यासोबत जेवायला बसले असताना चेखव यांच्या तोंडातून रक्ताची धार लागली. त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात क्षय असल्याचे निदान झाले. पुढची वर्षे त्यांनी समुद्रकाठच्या याल्टा येथे काढली. ‘थ्री सिस्टर्स’ आणि ‘द चेरी ऑर्चर्ड’ ही नाटके या आजारपणातच लिहिली. १९०१ मध्ये अभिनेत्री ओल्गा क्निपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तीनच वर्षांनी जर्मनीतील बाडेनवायलर येथे त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले आहे?

क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. आज साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तपासणी टाळण्याची चेखव यांची सबब आता उरलेली नाही. भीती मात्र तशीच आहे.

खोकला किती दिवस थांबू द्यावा?

सर्दीनंतरचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पण दोन आठवडे उलटूनही तो जात नसेल, तर भारतातील नियमाप्रमाणे क्षयाची तपासणी करून घ्यावी. थुंकीतून रक्त, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

प्रत्येक जुना खोकला म्हणजे क्षय नव्हे. दमा, नाकातील स्राव घशात उतरणे, आम्लपित्त, धूम्रपान आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळेही खोकला टिकून राहतो. अशी गोळी सुरू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. कारण वेगळे तसा उपचारही वेगळा. म्हणून दुकानातून खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या आणण्याने काही साधत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, घरात हवा खेळती ठेवावी आणि क्षयाचे औषध सुरू झाल्यावर बरे वाटले तरी ते मध्येच सोडू नये.

रक्त थांबले म्हणजे आजार गेला, असे चेखव यांना वाटत राहिले. खोकला आठ दिवस कमी झाला की आपणही हेच मानतो. मधूनमधून परतणारा खोकलाही जुनाच खोकला असतो. डॉक्टरांना दिवस सांगताना तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हापासून मोजावेत.