दृष्टीचा नकाशा रेखणारे डॉक्टर : गॉर्डन होम्स

डोळे निरोगी असले की सर्व काही दिसते, अशी आपली समजूत असते. परंतु डोळा केवळ प्रकाश टिपतो. त्या प्रकाशाचा अर्थ मेंदू लावतो. डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या या मार्गावर इजा झाली, तर समोरच्या दृश्याचा काही भाग दिसेनासा होतो. मेंदूच्या कोणत्या इजेने कोणता भाग दिसेनासा होतो, याचा चिकाटीने शोध घेणारे डॉक्टर म्हणजे सर गॉर्डन होम्स.

होम्स यांचा जन्म १८७६ साली आयर्लंडमध्ये झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे मेंदूच्या रचनेचा अभ्यास केला. पुढे लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात ते मज्जाविकारांवर उपचार करू लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. होम्स सैन्यात जाण्यास उत्सुक होते. पण दूरचे नीट दिसत नसल्यामुळे त्यांना नाकारण्यात आले. तरीही खचून न जाता ते रेड क्रॉसच्या रुग्णालयात सेवा करण्यासाठी फ्रान्सला गेले. ज्या सैन्याने त्यांना नाकारले होते, त्यानेच पुढे त्यांना मज्जाविकारांचे सल्लागार म्हणून नेमले.

डोक्याच्या मागील बाजूस गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेले अनेक सैनिक तेथे येत. त्यांचे डोळे शाबूत असत. तरीही कोणाला डावीकडचे दिसत नसे, तर कोणाला खालचे. होम्स आणि नेत्रतज्ज्ञ विल्यम लिस्टर यांनी अशा जखमींची धीराने तपासणी केली. रुग्णाने एका बिंदूवर नजर स्थिर ठेवायची आणि कडेने सरकत येणारी लहानशी वस्तू दिसू लागताच सांगायचे, अशी ती पद्धत होती. ही नोंद जखमेच्या जागेशी ताडून पाहता पाहता एक नकाशा तयार होत गेला.

एका डोळ्याची नस दुखावली, तर त्याच डोळ्याची दृष्टी जाते. परंतु मेंदूच्या उजव्या बाजूच्या दृष्टिकेंद्रास इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचे दिसत नाही, हे आधीच ठाऊक होते. जपानचे डॉक्टर तात्सुजी इनोये यांनीही जखमी सैनिकांच्या अभ्यासावरून १९०९ साली असा नकाशा प्रसिद्ध केला होता. होम्स यांनी १९१६ व १९१८ सालच्या लेखांत हे ज्ञान अधिक स्पष्ट केले. दृष्टिकेंद्राच्या वरच्या भागास इजा झाली, तर खालचे दृश्य जाते. खालच्या भागास झाली, तर वरचे जाते. केंद्राच्या अगदी मागच्या टोकास इजा झाली, तर नजरेच्या मध्यावरचेच नेमके दिसत नाही.

१९५१ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९६५ साली त्यांचे निधन झाले. १९९१ साली एमआरआय यंत्राच्या साहाय्याने त्यांचा नकाशा पुन्हा तपासण्यात आला. मध्यवर्ती दृष्टीचा वाटा त्यांनी मानला होता त्याहून बराच मोठा असल्याचे आढळले. मूळ मांडणी मात्र कायम राहिली.

पक्षाघातामुळेही असेच अर्धे दिसेनासे होऊ शकते. एकाएकी एका बाजूचे दिसेनासे झाले, तर केवळ चष्मा बदलण्याचा विचार करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. ज्यांचे दुःख बाहेरून दिसत नव्हते, अशा जखमींच्या सांगण्यावर होम्स यांनी विश्वास ठेवला. त्या विश्वासातूनच हे ज्ञान मानवजातीला लाभले.