मुरूडचा विद्यार्थी

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात मुरूड नावाचे एक गाव आहे. पुढे अथांग समुद्र, पाठीशी डोंगर आणि मध्ये नारळी-पोफळींच्या दाट बागा, असे हे रमणीय स्थान. गावात दुर्गादेवीचे जुने मंदिर आहे. स्त्रीशिक्षणासाठी आपले अवघे आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. परंतु ते लहानाचे मोठे झाले ते मुरूडास.

वडील केशवपंत यांची प्राप्ती बेताची होती. घरी श्रीमंती नव्हती, पण स्वाभिमान मोठा होता. आई लक्ष्मीबाई, वडील भाऊ भिकाजी आणि धाकटी बहीण अंबा अशा कुटुंबात धोंडू वाढत होता. कष्टांची लाज बाळगू नये आणि दुसऱ्याच्या पैशावर दृष्टी ठेवू नये, हे धडे त्याला कोणी मुद्दाम शिकविले नाहीत. ते त्याने घरातच डोळ्यांनी पाहिले.

धोंडू अभ्यासात हुशार होता, पण स्वभावाने फार भिडस्त. चार माणसांपुढे उभे राहिले, की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. सुदैवाने त्याला विनायक लक्ष्मण सोमण यांच्यासारखे गुरुजी लाभले. पाठ म्हणून घेतला, की आपले काम संपले, असे मानणारे ते शिक्षक नव्हते. गावाचे कल्याण व्हावे, लोकांना जगाची माहिती व्हावी, ही त्यांना तळमळ होती. त्यांच्या प्रेरणेने धोंडू दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. भिडस्त मुलाला हे काम सोपे नव्हते. परंतु आपण वाचले नाही, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना काही कळणार नाही, ही जाणीव त्याच्या संकोचापेक्षा बलवत्तर ठरली. आपल्याला मिळालेली विद्या ही केवळ आपल्यासाठी नाही, हा संस्कार त्याच्या मनावर झाला तो येथेच.

त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळू शके. गरिबाघरच्या मुलाला ही परीक्षा म्हणजे मोठाच आधार. १८७५ साली धोंडोने तिला बसण्याचे ठरविले. त्या वेळी त्याला सतरा वर्षे पूर्ण झालेली होती. परीक्षेचे दिवस जवळ आले. पण पावसाळी हवेमुळे समुद्रमार्गे मुंबईस जाणे जमेना. आता उरले साताऱ्याचे केंद्र. मुरूडापासून सातारा शंभराहून अधिक मैल दूर, आणि मध्ये सह्याद्री उभा! तरीही धोंडो आणि त्याचे सोबती पायीच निघाले. रानातल्या वाटा, चिखल, भरलेले ओढे आणि उभी चढण यांना न जुमानता त्यांनी चार दिवसांत सातारा गाठले. पाय सुजले होते, अंग आंबून गेले होते. पण आपण वेळेवर पोहोचलो, याच आनंदात सारा शीण ते विसरले.

दुसऱ्या दिवशी धोंडो परीक्षा-समितीपुढे उभा राहिला. तो अंगाने किरकोळ होता आणि चेहऱ्यावरून वयापेक्षा लहान दिसे. परीक्षेसाठी सतरा वर्षांचे वय आवश्यक होते. हा मुलगा तेवढा मोठा वाटत नाही, असे समितीच्या प्रमुखांचे मत पडले. शाळेचा दाखला जवळ असूनही त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. ज्या परीक्षेसाठी चार दिवस डोंगर तुडविले, तिचे दार त्याच्या तोंडावर बंद झाले, तेही त्याच्या ज्ञानाची परीक्षा न घेता, केवळ रूप पाहून!

मुकाट्याने तो घरी परतला. या अपमानाने एखादा मुलगा खचून गेला असता. धोंडोने पुन्हा पुस्तके उघडली. पुढच्या वर्षी कोल्हापूर येथे ती परीक्षा देऊन तो उत्तीर्ण झाला. नंतर तो इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईस गेला. रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. उशीर झाला म्हणून त्याने शिक्षण सोडले नाही. शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागविला आणि १८८४ साली बी. ए.ची पदवी मिळविली.

पुढे कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या समाजाला हे रुचले नाही. ज्या मुरूडात ते खेळले-बागडले, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. खुद्द आईच्या घरी राहण्याचीही त्यांना चोरी झाली. हे दुःख फार मोठे होते. परंतु त्यांनी गावाचा द्वेष केला नाही आणि हाती घेतलेले कामही सोडले नाही.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगणे येथे एका साध्या झोपडीत नेला. कॉलेजातील काम आटोपून ते उन्हापावसात, चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जात. साताऱ्याच्या वाटेवर कसलेले पाय आता दुसऱ्यांसाठी चालत होते. केवळ स्त्री म्हणून किंवा विधवा म्हणून ज्यांना विद्येचे दार बंद होते, त्यांच्यासाठी ते दार उघडावे, हाच त्यांचा ध्यास होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोहोचविण्यासाठी त्यांनी एक मंडळ काढले.

१९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान अर्पण करण्यात आला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. वयाने लहान दिसतो म्हणून ज्याला परीक्षेच्या दारातून परत पाठविले, तो मुलगा एकशे चार वर्षे जगला, आणि त्याने हजारो मुलींसाठी शाळेचे दार उघडून ठेवले.