उलट्या रीतीचे जाणकार : भास्कराचार्य



एन.एम.एम.एस.सारख्या परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत चिन्हांची अदलाबदल केलेली उदाहरणे असतात. अधिक म्हणजे गुणिले आणि गुणिले म्हणजे अधिक, तर ८ + ४ × २ = किती? आधी सर्व चिन्हे बदलायची, मग सोडवायचे : ८ × ४ + २ = ३४. पण केवळ चिन्ह बदलून भागत नाही, क्रियेचा अर्थही कळावा लागतो. हे ज्यांनी सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी शिकविले, त्या भास्कराचार्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. काही अभ्यासक ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात मानतात, तर काही विजापूरशी जोडतात. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचा अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची कन्या, अशी आख्यायिका आहे. ६९ व्या वर्षीही त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला.

‘लीलावती’त व्यस्त विधी, म्हणजे उलटी रीत, दिली आहे. उत्तरापासून मागे यावे. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ घ्यावे. परंतु जिथे मुले हमखास चुकतात, तिथे आचार्य सावध करतात. १०० मध्ये त्याचाच चौथा भाग मिळवला, तर १२५ होतात. आता १२५ चा चौथा भाग वजा केला तर १०० परत येत नाहीत. पाचवा भाग, म्हणजे २५, वजा करावा लागतो. चिन्हाबरोबर छेदही बदलतो.

त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. १२०७ च्या तेथील शिलालेखात संस्कृतबरोबर जुनी मराठीही आहे. १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली. आचार्यांचे गाव कोणत्या राज्यात, याची चर्चा विद्वान करोत. आम्हा सीमाभागातील शाळांना ते दोन्हीकडून आपलेच आहेत.

पालकांना विनंती, की पाल्याचे केवळ उत्तर पाहू नये, ते कसे आले हेही विचारावे.

मुलांसाठी एक उदाहरण : एका संख्येत तिचाच तिसरा भाग मिळवला, बेरजेला ५ ने भागले, उत्तर ८ आले. ती संख्या कोणती? उलट्या रीतीने सोडवा आणि ताळा करून गणिताच्या तासाला दाखवा.