वाचक, पाळक आणि दरबार : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या जीवनाचा एक आलेख

मराठी वाङ्मयेतिहासात नारायण वामन टिळक यांची नोंद बहुधा दोन वेगवेगळ्या खात्यांवर केलेली आढळते. आधुनिक कवितेच्या प्रकरणात ते फुलामुलांचे कवी, केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज व बालकवी यांच्या पंक्तीतले एक. ख्रिस्ती वाङ्मयाच्या प्रकरणात मात्र ते धर्मोपदेशक आणि भजनकार. या विभागणीमुळे एका सलग जीवनाचे दोन तुकडे झाले. टिळकांच्या काव्याचा, श्रद्धेचा आणि पुढारीपणाचा उगम ज्या एका सवयीत आहे, त्या नित्य वाचनाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली, वडिलांशी जमले नाही आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण जेमतेम झाले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ख्यात झाल्या. त्यानंतरची वर्षे भटकंतीची होती. शिक्षकी, पुराण-कीर्तन, मिळेल ते काम. एका गावी फार दिवस मुक्काम नाही. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ धर्मग्रंथांच्या अभ्यासाचे काम मिळाले. जुन्या धर्मविचाराने मनाचे समाधान होत नव्हते, जातिभेद खुपत होता, आणि एखादा नवाच धर्म आपण स्थापावा असेही त्या काळात त्यांच्या मनात येत असे.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संस्कृत काव्यावर बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. हा प्रसंग चरित्रकारांनी चमत्कारासारखा रंगविला आहे. त्यातील वाङ्मयीन आशय त्याहून महत्त्वाचा आहे. टिळकांनी तो ग्रंथ श्रद्धेने उघडला नाही. हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, शास्त्र्याच्या चिकित्सक सवयीने ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. पुढे अनेक महिने वाचन चालू राहिले. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाशी त्यांनी टोपणनावाने पत्रव्यवहार केला. मतपरिवर्तनाची ही सारी प्रक्रिया कागदावरच घडली. प्रत्यक्ष कोणा धर्मोपदेशकाच्या सहवासाचा भाग तीत थोडा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या वाचनाची किंमत मात्र घरच्या माणसांना द्यावी लागली. लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांची त्यांच्याशी ताटातूट झाली, ती वर्षानुवर्षे मिटली नाही. लक्ष्मीबाई परत आल्या, पण आपल्या मताने. आणि बाप्तिस्मा घेतला तोही १९०० मध्ये, स्वतःचे समाधान झाल्यावरच. टिळकांनी पत्नीला वाचायला-लिहायला शिकविले, परंतु शिक्षक म्हणून ते उतावळे होते. ‘स्मृतिचित्रे’त उमटलेले टिळक विसराळू, तापट, हातचे पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे असे आहेत. पाळकाच्या चरित्रात एरवी जे झाकले जाते ते त्या ग्रंथाने उघडे ठेवले. टिळकांवरील आदर त्यामुळे उणावत नाही, उलट तो विश्वसनीय होतो.

अहमदनगर ही त्यांची पुढील कर्मभूमी. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणसंस्थेत त्यांनी भावी उपदेशकांना शिकविले. यथावकाश त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. मंडळीतील सामान्य माणसे बहुतांशी गावकुसाबाहेरून आलेली, नुकतीच अक्षरओळख झालेली किंवा तीही नसलेली. इंग्रजी स्तोत्रांच्या चालीवर बेतलेली मराठी गीते त्यांच्या तोंडी बसत नसत. वाचन म्हणजे एकट्याने डोळ्यांनी करावयाची क्रिया, ही कल्पनाच तेथे अपुरी होती. वारकरी परंपरेत ग्रंथ ऐकला जातो, पाठ होतो, गायिला जातो. टिळकांनी हे ओळखले. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात नगर भागात त्यांच्यापूर्वीच पडला होता. त्यांनी त्याला कवीची भाषा दिली. अभंग, ओवी, भजन यांच्याद्वारे शुभवर्तमान त्यांनी नित्यपाठात आणले. ‘अभंगांजली’तील रचना त्या दृष्टीने वाचावयास हव्यात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा केवळ सौजन्याची नव्हती. तुकारामांचे वाचन त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सोडले नाही, आणि सोडावे असे त्यांना वाटलेही नाही.

१९१२ पासून मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. राष्ट्रप्रेम आणि ख्रिस्तनिष्ठा यांत विरोध नाही, हा त्यांचा आग्रह तेथे सातत्याने दिसतो. तरुण कवींनाही त्यांच्या घरी थारा असे. बालकवी ठोंबरे काही काळ त्या घरात राहिले. घर, वर्ग आणि नियतकालिक यांच्या सीमा टिळकांच्या बाबतीत फारशा स्पष्ट नव्हत्याच.

नेतृत्वाचा खरा पेच याच काळात उभा राहिला. मिशनचा पगार घेणारा एतद्देशीय उपदेशक आपल्या लोकांचा पुढारी होऊ शकतो काय? परक्या पैशावर उभी असलेली मंडळी कितीही वाढली तरी ती परकीच वाटणार, असे टिळकांचे मत बनत गेले. त्यांचा रोख मिशनरी व्यक्तींवर नव्हता. ह्यूम यांच्याविषयी त्यांना जिव्हाळा होता. रोख व्यवस्थेवर होता. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तेथे बंधुभावाने एकत्र यावेत अशी ती योजना होती. हिंदू समाज आणि चर्च या दोहोंना ती अडचणीची होती, कारण बाप्तिस्म्याने आखलेली सीमारेषाच ती पुसू पाहत होती. संघटना म्हणून दरबार फारसा वाढला नाही. टिळकांपाशी व्यवहारचातुर्य नव्हते आणि आयुष्यही थोडे उरले होते. तथापि केवळ संख्येवरून त्याचे मोल ठरविणे योग्य होणार नाही. बाबा पदमनजींच्या पिढीत धर्मांतर म्हणजे पूर्वायुष्याशी काडीमोड असे जे समीकरण रूढ झाले होते, ते येथे प्रथमच इतक्या उघडपणे नाकारले गेले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला दफनाऐवजी अग्निसंस्कार देण्यात आला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहाएक अध्यायांपाशी थांबले होते. ज्यांना अक्षरे शिकविताना टिळकांचा धीर सुटत असे, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे ते हाती घेतले आणि अनेक पटींनी वाढविले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. १९३८ मध्ये पुत्र देवदत्त यांनी तो ग्रंथ प्रकाशित केला.